धांवत्या आगगाडीवरील हेलन

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं सगळीं नातवंडें जमलीं होतीं. दुपारचें ऊन तापूं लागलें म्हणजे बाहेरच्या खोलींत दारें ओढून घ्यावयाचीं आणि सर्वांनीं मिळून एखादा इंग्रजी चित्रपट पाहावयाचा, असा त्यांचा नेम. अशाच एका दुपारीं पडद्यावर एक तरुणी पुलाच्या कठड्यावरून खालून जाणाऱ्या आगगाडीच्या टपावर उडी घेतांना दिसली. धाकटी नात माझ्या शेजारीं बसली होती. तिनें श्वास रोखून विचारलें, "आजोबा, ही उडी त्या बाईनेंच मारली का हो?" मी कांहीं बोलण्यापूर्वींच तिचा थोरला चुलतभाऊ अधिकारवाणीनें म्हणाला, "छे! ती कशाला मारील? तिच्यासारखे कपडे घालून दुसऱ्याच कुणीतरी मारलेली असते." नात क्षणभर हिरमुसली आणि मग म्हणाली, "मग त्या दुसऱ्या बाईचें नांव काय?"

यावर आमचे अधिकारी पुरुष निरुत्तर झाले. आणि खरें सांगावयाचें तर मीहि झालों. पस्तीस वर्षें शाळेंत घालविल्यामुळें मुलानें विचारलेला प्रश्न तसाच सोडून द्यावयाचा नाहीं ही खोड मला जडली आहे. त्या चित्रपटांतल्या बाईचा पत्ता मला लागला नाहीं. पण शोधतां शोधतां या धंद्यांतली अगदीं मूळ बाई मला सांपडली, आणि तिची हकीकत मला इतकी विलक्षण वाटली कीं ती नातीला सांगून झाल्यावर वाचकांनाहि सांगावी असें मनांत आलें.

आपल्या पुराणांत याला दाखला आहे. विराटपर्वांत कौरवांची सेना गायी वळवून नेते आणि राजपुत्र उत्तर तिच्यावर चालून जातो. खरी लढाई करतो तो सारथ्याच्या जागीं बसलेला बृहन्नडा, म्हणजे अर्जुन. पण नगरांत वार्ता पोहोंचते ती उत्तराच्या विजयाची, आणि वृद्ध विराट राजा भर सभेंत मुलाचे गोडवे गाऊं लागतो. चित्रपटांत ज्याला 'डबल' म्हणतात तो असाच. नायिकेचा चेहरा दिसत असतो तोंवर ती नायिका; घोडा उधळला, कडा आला, गाडी सुटली, कीं तिच्या वेषांत दुसरेंच माणूस पुढें होतें आणि प्रेक्षकांकडे पाठ करून तें काम करून मोकळें होतें. फरक इतकाच कीं उत्तरानें पुढें बापाजवळ खरें सांगितलें. चित्रपटाच्या कारखान्यांत तसें सांगण्याचा प्रघात पुष्कळ काळ नव्हता.

या बाईचें जन्मनांव रोझ ऑगस्ट वेंगर. ती २७ ऑगस्ट १८९२ रोजीं अमेरिकेच्या ओहायो संस्थानांत क्लीव्हलंड शहरीं जन्मली. आईबाप स्विस-जर्मन वंशाचे. घरांत पांच मुली. वडिलांना मुलाची आस होती; ती पुरी झाली नाहीं तेव्हां त्यांनीं या मुलीच्या धसमुसळेपणाला आवर घालण्याऐवजीं उत्तेजनच दिलें. मुलगा नाहीं म्हणून कपाळाला हात लावून बसलेले बाप मीं आपल्याकडे पुष्कळ पाहिले आहेत. हा गृहस्थ निराळा म्हटला पाहिजे.

आतां येथें थोडें मागें जाऊन 'वाइल्ड वेस्ट'चा खेळ म्हणजे काय तें सांगणें जरूर आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अफाट कुरणांत गुरांचे कळप राखणारे घोडेस्वार, मूळच्या रहिवाशांशीं त्यांच्या झालेल्या चकमकी, टपालाच्या घोडागाड्या आणि त्या लुटणारे दरोडेखोर असें एक जग होतें. तें जग संपत आलें होतें. १८९० च्या खानेसुमारीनंतर तेथील सरकारनेंच जाहीर केलें कीं वस्तीची अशी सीमारेषा म्हणून आतां उरली नाहीं. पण जें प्रत्यक्षांत संपतें त्याचा खेळ होतो. 'बफेलो बिल' या नांवानें गाजलेल्या विल्यम कोडीनें १८८३ सालींच असा खेळ उभा केला होता. खरेच गुराखी, खरेच घोडे, खऱ्याच बंदुका, आणि भोंवतीं तिकीट काढून बसलेले प्रेक्षक. आपल्याकडील विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीविषयीं ज्यांनीं घरांतल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलें असेल त्यांना घोड्यांच्या अशा कामांची कल्पना येईल. काम संपलेल्या गुराख्यांना या खेळांनीं पोट दिलें, आणि पुढें हेच लोक, हेच घोडे आणि हीच खोगिरें उचलून चित्रपटवाल्यांनीं आपला धंदा थाटला. अमेरिकन 'वेस्टर्न' चित्रपट हा असा सर्कशीच्या तंबूंतून बाहेर पडलेला आहे.

१९०९ च्या उन्हाळ्यांत रोझनें क्लीव्हलंडला असा एक खेळ पाहिला आणि ती त्यानें वेडी झाली. ओक्लाहोमांतील मिलर बंधूंच्या '१०१ रँच' या खेळासाठीं घोड्यावर बसणाऱ्या मुली पाहिजेत अशी जाहिरात तिच्या वाचनांत आली. तिला घोड्यावर बसतां येत नव्हतें. तरी तिनें अर्ज केला, आणि त्या मंडळींनींहि तिला घेऊन शिकविलें. १९१० च्या एप्रिलमध्यें सेंट लुई शहरीं झालेल्या खेळांत ती उतरली. वय अवघें सतरा. भरधांव घोड्यावरून खालीं झुकून जमिनीवरचा रुमाल उचलणें हें तिचें आवडतें काम. जुन्या स्वारांनीं तिला बजावलें होतें कीं एखादे दिवशीं घोड्याची टाप डोक्यांत बसेल. असें इतरांचें होत असेल, आपलें व्हावयाचें नाहीं, असें तिला वाटे. तरुणपणीं सर्वांनाच तसें वाटतें; तिच्या बाबतींत तें बहुतेक खरें ठरलें हें नवल.

१९११ सालीं हा खेळ फिरत फिरत कॅलिफोर्नियांतील व्हेनिस या समुद्रकांठच्या गांवीं येऊन थांबला. तेथें टॉमस इन्स या चित्रपट-निर्मात्यानें सबंध खेळच्या खेळ, माणसें, घोडे, बैल, तंबू यांसह, हिंवाळ्यापुरता भाड्यानें घेतला. भाडें आठवड्याला अडीच हजार डॉलर. त्यांतून एकेका स्वाराच्या हातीं पडत ते आठवड्याला आठ डॉलर! रोज सकाळीं व्हेनिसच्या तबेल्यांतून घोडे काढावयाचे, पांच मैल दौडत टोपांगा दरींत जावयाचें, दिवसभर कधीं पाठलाग करणाऱ्यांत तर कधीं पाठलाग होणाऱ्यांत सामील व्हावयाचें, आणि संध्याकाळीं परत. चित्रपटसृष्टींतला तिचा प्रवेश हा असा घोळक्यांतला आहे. १९१२ सालीं केलेम कंपनीच्या एका चित्रांत तिला नांवाची लहानशी भूमिका मिळाली. त्यांत प्रसिद्ध नटी रूथ रोलंड हिच्या बहिणीचें काम तिनें केलें.

चित्रांतलें काम नसेल तेव्हां ती गुराख्यांच्या शर्यतींत आणि घोड्यांच्या सामन्यांत भाग घेई. अशा सामन्यांना तिकडे रोडिओ म्हणतात. १९१३ सालीं ऑरेगन संस्थानांतील पेंडल्टन गांवीं अशाच एका मोठ्या मेळ्याला जातांना तिची गांठ एडमंड गिब्सन या तरुण स्वाराशीं पडली होती. त्याला सारे 'हूट' म्हणत. आदल्या वर्षीं याच मेळ्यांत तो सर्वांत उत्तम स्वार ठरला होता. दोघांनीं तेथें लग्न केलें. कारण काय, तर गांवांत गर्दीमुळें खोल्या मिळेनात, आणि विवाहित जोडप्यांना खोली आधीं देत! आमच्या सौभाग्यवतीला हें वाचून दाखविलें तेव्हां तिनें कपाळावर आठ्या घातल्या. तिचा मुद्दा मला मान्य आहे. ज्या विवाहाचें निमित्त खोलीची टंचाई, तो फार वर्षें टिकला नाहीं यांत आश्चर्य नाहीं; पण 'गिब्सन' हें आडनांव मात्र तिला जन्माचें चिकटलें.

याच १९१३ सालीं आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. तारामतीच्या भूमिकेला दादासाहेबांना स्त्री मिळेना, आणि शेवटीं साळुंके या पुरुषाला लुगडें नेसवावें लागलें, ही गोष्ट घरोघरीं ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्यें दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनीं ती कोंडी फोडली. एकीकडे बाईनें नुसतें पडद्यावर दिसावें कीं नाहीं हा प्रश्न, आणि दुसरीकडे बाईनें धांवत्या गाडीवर उडी मारावी यासाठीं कंपन्यांची चढाओढ. हा विरोध लिहितांना मी कोणाला उणें म्हणत नाहीं. त्या काळीं अमेरिकेंतहि सर्व स्त्रियांना मताचा हक्क नव्हता. तो सबंध देशभर मिळावयाला १९२० साल उजाडावें लागलें.

आतां मुख्य प्रकरणाकडे येतों. केलेम कंपनी १९०७ सालीं क्लाइन, लाँग आणि मॅरियन या तिघांनीं काढली. तिघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें के, एल्, एम् यांवरून तिचें नांव बनलें होतें. या कंपनीनें १९१४ च्या नोव्हेंबरांत 'द हॅझर्ड्स ऑफ हेलन', म्हणजे हेलनवरचीं संकटें, ही चित्रमालिका सुरू केली. दर आठवड्याला एक भाग, प्रत्येक भाग एका रिळाचा, सुमारें बारा मिनिटांचा, आणि आपल्यापुरता पुरा. १९१७ च्या फेब्रुवारींत ती थांबली तोंवर ११९ भाग झाले होते.

या मालिकेची नायिका राजकन्या नाहीं, जमीनदाराची मुलगी नाहीं. ती रेल्वेच्या एका आडगांवच्या स्टेशनावर तारेचें काम करणारी नोकरदार मुलगी आहे. त्या काळीं अमेरिकेंत तारऑफिसांतून पुष्कळ स्त्रिया काम करीत असत, म्हणून ही कल्पना हवेंतली नव्हती. गोष्टीचा सांचा बहुधा ठरलेला. दरोडेखोर गाडी लुटून पळतात, किंवा दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर येतात, किंवा इंजिन चालकावांचून सुटतें. दोष कित्येकदां हेलनच्या माथीं येतो. वरिष्ठ तिच्यावर अविश्वास दाखवितात, प्रसंगीं नोकरीहि जाते. मग ती घोडा, मोटार, हातगाडी, जें सांपडेल तें घेऊन धांवते, गाडी गांठते, आणि नोकरी परत मिळविते. शेवटीं लग्न नाहीं, खजिना नाहीं. आपली खुर्ची परत मिळाली कीं गोष्ट संपली. पोटाला नोकरी असलेल्या हजारों मुलींना ही हेलन आपली वाटली असल्यास नवल नाहीं.

पहिली हेलन होती हेलन होम्स. तीहि मोठी धाडसी बाई. गोष्टी रचण्यांत आणि दिग्दर्शनांत तिचा हात असे, आणि तिचा नवरा जे. पी. मॅकगॉवन हा मालिकेचा दिग्दर्शक होता. तिच्याविषयीं स्वतंत्रपणें लिहितां येईल. पण आठवड्याला एक संकट या हिशेबानें एकाच देहाला सर्व झेपेना, म्हणून अवघड कामांकरितां तिची 'डबल' म्हणून कंपनीनें आमच्या रोझला घेतलें. हूट गिब्सनहि त्याच कंपनींत अशींच कामें करी.

१९१५ च्या एप्रिलांत 'अ गर्ल्स ग्रिट' या भागासाठीं तिनें जी उडी घेतली ती तिच्या आयुष्यांतली सर्वांत धोक्याची मानतात. स्टेशनाच्या छपरावरून चालत्या गाडीच्या टपावर उडी मारावयाची. ऐकतांना तें केवळ आंधळें धाडस वाटतें. पण तसें तें नव्हतें. छप्पर आणि डब्याचा टप यांमधील अंतर आधीं नीट मोजलें गेलें. गाडी उभी असतां तिनें त्याच उडीचा सराव केला. छायाचित्रणाच्या वेळीं गाडी सुमारें पाव मैल आधींपासून चालत येणार होती, आणि तिचा वाढता वेग सेकंदासेकंदाच्या हिशेबानें बसविला होता. तिनें उडी घेतली आणि ती ठरल्या जागीं बरोबर उतरली. पण उभ्या गाडीवर केलेल्या सरावांत एक गोष्ट कळणें शक्य नव्हतें. शाळेंत जडत्वाचा नियम शिकवितांना मी मुलांना सुटणाऱ्या गाडीचें उदाहरण देत असें: पाय गाडीबरोबर पुढें जातात, धड मागें राहूं पाहतें. येथें तर सबंध शरीर स्थिर छपरावरून आलेलें आणि खालचा डबा धांवता. पाय टेकतांच ती लोळत डब्याच्या टोंकाकडे निघाली. टपावर हवेसाठीं ठेवलेल्या झरोक्याची कड तिच्या हातीं लागली, ती तिनें घट्ट धरली, आणि त्याहि क्षणीं डोकें शाबूत ठेवून आपलें अंग मुद्दाम कडेवरून खालीं लोंबूं दिलें. कां, तर चित्रांत तें अधिक उठावदार दिसेल म्हणून. थोडें खरचटलें, बाकी कांहीं नाहीं. वयाचीं तेवीस वर्षें अद्याप पुरीं व्हावयाचीं होतीं.

मला त्या उडीपेक्षां तें लोंबकळणें अधिक थोर वाटतें. उडी ठरलेली होती. लोंबकळणें तिचें स्वतःचें. आणि हें सारें पडद्यावर गेलें तें हेलन होम्सच्या नांवावर.

पुढें त्याच वर्षीं होम्स आणि मॅकगॉवन यांनीं केलेम कंपनी सोडली. मालिका तर जोरांत चाललेली. प्रेक्षकांना दर आठवड्याला हेलन पाहिजे. कंपनीनें रोझला पुढें आणलें आणि तिचें नांवच बदलून 'हेलन' ठेवलें. आपल्याकडे लग्नांत तांदळाच्या ताटांत अंगठीनें सुनेचें नवें नांव लिहितात. येथें सासर म्हणजे चित्रपट कंपनी! अशा रीतीनें नांव मालिकेचें, आडनांव नवऱ्याचें, आणि स्वतःचा म्हणावा तर तो एक देह, अशी 'हेलन गिब्सन' तयार झाली. मालिकेचा मोठा भाग, शेवटच्या ११९ व्या भागापर्यंत, तिनेंच वाहून नेला.

आतां ती पाठमोरी राहिली नव्हती; चेहराहि तिचा आणि उडीहि तिची. एका प्रसंगीं तिनें दोन घोडे जोडीनें पळवून त्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून उभ्यानें स्वारी केली, पुलावरून लोंबणारा दोर वरच्यावर पकडला, आणि त्याच झोंक्यानें धांवत्या गाडीच्या टपावर ती जाऊन उतरली. दुसऱ्या एका चित्रांत सुटलेल्या मालगाडीमागें फटफटीवरून तिचा पाठलाग आहे. लांकडी फाटक फोडून ती फलाटावर चढते, बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या रिकाम्या वाघिणीच्या एका दारांतून शिरून समोरच्या दारांतून बाहेर पडते, आणि फटफटीसकट हवेंतून जाऊन पलीकडून चाललेल्या गाडीच्या उघड्या डब्यावर आदळते. लिहितांनाच माझ्या हाताला घाम येतो. आपल्या नाट्यशास्त्रानें युद्ध, मृत्यु, नगराचा वेढा हे प्रकार रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नयेत, ते प्रवेशकांतून पात्रांच्या तोंडीं सांगावे, असा दंडक घातला आहे. भरतमुनींना ही फटफटी दाखविली असती तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

अशा अमेरिकन साहसमालिका हिंदुस्थानांतहि येत आणि मुंबईचा प्रेक्षक त्यांवर लुब्ध असे. वाडिया बंधूंनीं तीच वेल येथें लावली. ऑस्ट्रेलियांत जन्मलेली मेरी इव्हान्स 'नादिया' या नांवानें १९३५ सालीं त्यांच्या 'हंटरवाली'त चाबूक घेऊन उभी राहिली, आणि पुढल्याच वर्षीं 'मिस फ्रॉंटियर मेल'मध्यें आगगाडीच्या टपावर चढून दोन हात करती झाली. तीहि आपलीं धाडसाचीं कामें स्वतः करी, आणि तिचेंहि नांव धंद्यासाठीं घेतलेलें. आपल्या घरांतून त्या काळीं हे 'स्टंटपट' फार हलके समजत. लपून पाहणारे मात्र कमी नसत.

आतां उतरणीचा भाग. मालिका संपल्यावर युनिव्हर्सल कंपनीनें हेलनला आठवड्याला १२५ डॉलरवर तीन वर्षांसाठीं घेतलें. तेथें तिनें दोन-दोन रिळांचीं पुष्कळ वेस्टर्न चित्रें केलीं. १९२० च्या सुमारास हूटची आणि तिची फारकत झाली. त्याच काळांत तिनें स्वतःची कंपनी काढली, 'हेलन गिब्सन प्रॉडक्शन्स'. पहिलेंच चित्र 'नो मॅन्स वूमन'. तें पुरें होतां होतां भांडवल आटलें आणि कंपनी बुडाली. ज्या बाईनें गाडीचा वेग सेकंदांत मोजला तिला वाटप करणाऱ्या व्यापाऱ्यांचा वेग मोजतां आला नाहीं. आणि गंमत अशी कीं ज्या वर्षीं तिचें दिवाळें वाजलें त्याच १९२१ सालीं जॉन फोर्ड या दिग्दर्शकाच्या 'ॲक्शन' चित्रपटानें हूट गिब्सन नायक झाला. पुढें दहा वर्षें तो वेस्टर्नांतला पहिल्या प्रतीचा नट म्हणून गाजला. दोघांचें शिक्षण एकाच खोगिरावर झालेलें होतें.

तरी १९२१ सालीं तिला एक चांगली संधि आली. 'द वुल्व्हरिन' या वेस्टर्न चित्रांत ती नायिका झाली. हें चित्र बी. एम्. बोअर या लोकप्रिय लेखकाच्या कादंबरीवरून घेतलेलें. लेखकाच्या म्हणतों खरा, पण हे बोअर म्हणजे बर्था नांवाची एक बाई. गुराख्यांच्या गोष्टी बाईनें लिहिल्या तर कोण वाचील म्हणून तिचें नांव आद्याक्षरांच्या पडद्याआड राहिलें. काम मालकांना पसंत पडलें, दुसरें चित्र ठरलें, आणि तें सुरू होणार तोंच हेलनचें आंत्रपुच्छ फुटून ती इस्पितळांत पडली. धंदा कोणासाठीं थांबतो? तिच्या जागीं दुसरी आली.

धांवत्या गाडीनें जिला इजा केली नाहीं तिला पोटांतल्या बोटभर अवयवानें खालीं उतरविलें. त्यानंतर तिला पूर्वीचें स्थान पुन्हा लाभलें नाहीं. १९२४ पासून दोन-अडीच वर्षें ती रिंगलिंग बंधूंच्या सर्कशींत घोड्यावरचीं कामें करीत होती. म्हणजे जेथून आली तेथेंच. मग कांहीं काळ रंगमंचावरील फिरते खेळ, आणि १९२७ सालीं पुन्हा हॉलीवूड. यावेळीं मात्र नायिका म्हणून नव्हे, पुन्हा 'डबल' म्हणून. वय पस्तीस. लुईझ फझेंडा, आयरीन रिच, मे रॉबसन, मारी ड्रेसलर, मार्जरी मेन, एथेल बॅरीमोर अशा नामांकित नट्यांच्या ऐवजीं ती पडली, घसरली, घोड्यावर बसली, गाड्या हांकल्या. यांतल्या कित्येक तर वृद्ध स्त्रियांच्या भूमिका. म्हणजे आतां पडावयाचें तें म्हातारीसारखें पडावयाचें!

आणि हें काम तरी बाईला मिळतच असे असें नाहीं. मूकपटांच्या आरंभीं जें स्त्रियांचें होतें, तें धंदा मोठा आणि पैशाचा झाल्यावर पुरुषांकडे गेलें. केंसांचा टोप आणि झगा घालून पुरुषच नायिकांच्या उड्या मारूं लागले, आणि ही चाल अनेक दशकें टिकली. साळुंक्यांना लुगडें नेसविणाऱ्या फाळक्यांजवळ निरुपायाचें कारण होतें. यांच्याजवळ तेंहि नव्हतें. कामाला बायका समोर उभ्या होत्या. मला या सबंध हकीकतींत राग आला तो एवढ्याच ठिकाणीं.

तिनें स्वतः राग धरलेला दिसत नाहीं. १९३५ सालीं तिनें चित्रशाळेंत विजेचें काम करणाऱ्या एका गृहस्थाशीं विवाह केला. मिळेल तें लहानमोठें काम ती करीत राहिली. १९५१ सालच्या 'हॉलीवूड स्टोरी' या चित्रांत मूकपटाच्या काळांतल्या कांहीं जुन्या कलावंतांना थोडा वेळ पडद्यावर आणलें आहे, त्यांत ती आहे.

शेवटचें काम तिनें केलें तें जॉन फोर्डच्याच चित्रपटांत, 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' या नांवाच्या. चित्रीकरण १९६१ चें. १९६२ सालीं तो प्रकाशित झाला. ती एकूणसत्तर वर्षांची होती, आणि काम होतें घोड्यांची गाडी हांकण्याचें. मोबदला पस्तीस डॉलर. श्रेयनामावलींत नांव नाहीं. या चित्रपटाची गोष्ट अशी कीं एका कुप्रसिद्ध गुंडाला ठार मारल्याचें श्रेय एका वकिलाला मिळतें, त्या कीर्तीच्या बळावर तो मोठा राजकारणी होतो. आणि गोळी खरोखर ज्यानें झाडली तो गुराखी अज्ञात राहून मरतो. वकील जेम्स स्ट्यूअर्ट, गुराखी जॉन वेन. त्या गांवांतल्या गर्दींत गाडी हांकणारी ही म्हातारी कोण, हें पाहणाऱ्यांपैकीं किती जणांना ठाऊक असेल?

त्याच १९६२ सालीं हूट गिब्सन वारला. हेलन पुढें ऑरेगन संस्थानांतल्या रोझबर्ग गांवीं जाऊन राहिली. १९६८ सालीं 'फिल्म्स इन रिव्ह्यू' या मासिकांत तिच्या जुन्या आठवणी छापून आल्या, म्हणून तर इतकें तरी आज कळतें. १० ऑक्टोबर १९७७ रोजीं तेथेंच तिचा अंत झाला. वय पंचाऐशी.

तिचीं चित्रें बहुतेक नाहींशीं झालीं आहेत. त्या वेळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या पेटतात, कुजतात, आणि जुन्या झाल्या म्हणजे मालकच त्या फेंकून देत. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें १९१२ ते १९२९ या काळांतल्या सुमारें अकरा हजार अमेरिकन मोठ्या मूकपटांपैकीं मूळ स्वरूपांत पूर्ण उरलेले शेंकडा चौदाच आहेत. ही गणती मोठ्या चित्रांची. एका रिळाच्या मालिकांना विचारतो कोण? तरी 'हॅझर्ड्स ऑफ हेलन'चे कांहीं भाग वांचले आहेत. त्यांतला एक नातवानें संगणकावर शोधून काढला आणि एका रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतल्या सर्वांनीं मिळून तो पाहिला. आवाज नाहीं, रंग नाहीं, चित्र मधूनच थरथरतें. आमच्या वहिनी कोंपऱ्यांत जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचें या प्रकाराकडे लक्ष नव्हतें असें आम्हांला वाटलें. हेलन डब्यांच्या टपांवरून इंजिनाकडे धांवूं लागली तेव्हां त्या एकदम मोठ्यानें म्हणाल्या, "अगं बाई, सांभाळ!"

नातीनें वहींत तारखेसह दोन नांवें लिहून ठेवलीं आहेत. वर हेलन गिब्सन, आणि खालीं रोझ वेंगर.